प्रशालेचं दप्तर आणि गावाचे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळांविषयी, म्हणजे मराठवाड्यात ज्यांना आपण 'प्रशाला' म्हणतो त्यांच्याविषयी, आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. पाचवी ते दहावीचे वर्ग, आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून येणारी पाच-सहाशे मुलं आणि बाजारपेठेच्या गावाच्या मधोमध असलेलं मोठं पटांगण, अशा शाळा डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिकडे हायस्कूल म्हटलं की ते कुठल्या तरी संस्थेचं असतं. सासरी, जालना जिल्ह्यात, मात्र हायस्कूल जिल्हा परिषदेचं. हा फरक का?

इतिहासामुळे. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण खेड्यांत नेलं ते संस्थांनी. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ची. तुमच्या माहेरचं हायस्कूल बहुधा अशाच एखाद्या संस्थेचं असणार. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथली सरकारी माध्यमिक शाळा उर्दू माध्यमाची असे आणि खासगी शाळा काढणं सोपं नव्हतं. औरंगाबादची सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी अशा मोजक्या संस्थांनी ते काम केलं. हिप्परगा आणि अंबाजोगाई या दोन्ही शाळांशी स्वामी रामानंद तीर्थांचं नाव जोडलेलं आहे. बाकी गावांना सरकारी शाळेशिवाय पर्याय नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद मुक्त झालं, १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर सरकारी माध्यमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. म्हणून आज जिल्हा परिषदेची हायस्कुलं मराठवाड्यात आणि विदर्भात जास्त दिसतात.

हा इतिहास नुसता सांगायचा म्हणून सांगत नाही. या शाळांच्या कपाटांत तीन-तीन पिढ्यांची रजिस्टरं आहेत. पुढचे दोन प्रश्न त्यांचेच आहेत.

प्रश्न : जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा पुरावा हवा आहे. ते आमच्या प्रशालेत शिकले, पण साल नक्की माहीत नाही. शाळेत गेलो तर 'जुनं रेकॉर्ड सापडत नाही' म्हणाले.

'सापडत नाही' हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. आधी तुम्हाला नेमकं काय हवं ते ठरवा. पुरावा मानीव दिनांकाच्या (प्रत्येक प्रवर्गासाठी सरकारने धरलेल्या ठरावीक तारखेच्या) आधीचा असेल तर त्याला वजन येतं. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. त्यानंतरची नोंद निरुपयोगी ठरत नाही, पण ती एकटी पुरत नाही.

मग साल शोधायचं. आजोबांच्या जन्माच्या अंदाजात पहिलीसाठी सहा-सात आणि पाचवीसाठी दहा-अकरा वर्षं मिळवा. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची चार-चार वर्षं पाहा, कारण तेव्हा वय अंदाजाने टाकलं जाई आणि शाळेत उशिरा घालण्याची पद्धत होती. नाव शोधताना आडनावावर अवलंबून राहू नका. पुष्कळ नोंदींत नुसतं नाव, वडिलांचं नाव आणि गाव एवढंच असतं. चुलत आजोबांची नोंद मिळाली तर तीही रक्तनात्यातला पुरावा म्हणून चालते. मात्र वंशावळ जोडावी लागते.

१९४८च्या आधीचं रजिस्टर उर्दूत आणि फसली सनात असण्याची शक्यता आहे. निजामाच्या फसली सनाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. ढोबळमानाने आजूर, दै आणि बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी सनात ५९० मिळवायचे आणि इस्फंदारपासून आबानपर्यंत ५९१. म्हणजे '१३५२ फसली, खुर्दाद' असं असेल तर ते १९४३ साल. अचूक तारीख मात्र उर्दू जाणणाऱ्याकडून भाषांतर करून, त्यावर त्याची सही आणि प्रतिज्ञापत्र घेऊनच वापरा.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावाने लेखी द्या आणि पोच घ्या. त्यात नाव, वडिलांचं नाव, गाव, अंदाजे वर्षं आणि 'प्रवेश-निर्गम नोंदवहीतील उताऱ्याची साक्षांकित प्रत' असे शब्द असू द्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. तरीही 'नाही' आलं तर निदान ते लेखी हातात येतं आणि पहिलं अपील करता येतं. आणखी एक वाट आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातल्या शाळांची जुनी रजिस्टरं तपासली गेली. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यातली पानं टाकली आहेत. तिथेही पाहा.

उताऱ्यावर रजिस्टर क्रमांक, पान, अनुक्रमांक, मुख्याध्यापकांची सही, तारीख आणि गोल शिक्का आहे का ते तिथेच तपासून घ्या. एक कळकळीची विनंती. मूळ नोंदीत 'फक्त एक शब्द' वाढवून द्या, असं कोणालाही म्हणू नका. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर मागवतं. शाई, हस्ताक्षर, वरच्या-खालच्या नोंदींचा क्रम, सगळं पाहतं. एक शब्द वाढवला तर तुमचा खराखुरा पुरावासुद्धा बाद होतो आणि त्या पानावरच्या दुसऱ्या कुटुंबांवरही संशय येतो.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. आधार कार्डावरची आणि शाळेतली जन्मतारीख वेगळी आहे. दहावीनंतर दुरुस्त करू म्हणतो. चालेल का?

चालणार नाही. आत्ताच करा. माध्यमिक शाळा संहितेनुसार नाव, जात, जन्मतारीख यांतला बदल मूल शाळेत शिकत असतानाच करायचा असतो. शाळा सोडल्यावर उघड दिसणारी लेखनचूक सोडली तर हात बांधले जातात. दहावीचं प्रमाणपत्र निघालं की दुरुस्ती शाळेच्या हातातून मंडळाकडे जाते.

चूक कुठे झाली ते आधी शोधा. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली (म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवहीतली) मुलीची आडवी ओळ स्वतः वाचा: अनुक्रमांक, नाव, आईचं नाव, धर्म व जात, जन्मस्थान, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, यापूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख. अंकी आणि अक्षरी तारखेत फरक असेल तर तो इथेच कळतो. मग प्राथमिक शाळेचा दाखला काढून शेजारी धरा. प्राथमिकला तारीख बरोबर आणि प्रशालेत उतरवताना चुकली असेल तर काम सोपं आहे, मूळ नोंदीचा उतारा जोडला की झालं. पहिलीलाच तारीख अंदाजाने लिहिली गेली असेल तर प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या मान्यतेला जातो. त्यासोबत पालकांचा अर्ज, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, प्राथमिक शाळेचा उतारा, प्रतिज्ञापत्र आणि मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र लागतं. जन्मदाखला हाच कणा आहे. आधार हा जन्मतारखेचा पुरावा म्हणून पुढे करू नका. आधारवरची तारीखच पुष्कळदा शाळेच्या चुकीच्या दाखल्यावरून आलेली असते.

आदेश आल्यावर रजिस्टरमध्ये जुनी नोंद खोडायची नसते. तिला आडवी रेघ मारून वर लाल शाईने नवी नोंद, शेरा रकान्यात आदेशाचा क्रमांक आणि दिनांक, शेजारी मुख्याध्यापकांची सही. पांढरी शाई लावलेली दिसली तर तिथेच हरकत घ्या. त्यानंतर यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तीच दुरुस्ती करून घ्या. ही पायरी लोक विसरतात आणि मग ऑनलाइन नोंद जुनीच राहते.

दहावीचे परीक्षा अर्ज साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरले जातात. त्यानंतर शाळेकडे प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासणीसाठीची यादी, येते. त्या यादीत आपल्या मुलीचं नाव, आईचं नाव, तारीख, जात आणि विषय स्वतः पाहा. मराठीतलं 'वैष्णवी' इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिता येतं. आधारवर आणि शाळेत एकच स्पेलिंग आहे का ते बघायची हीच वेळ.

प्रश्न : दोन वर्षं झाली, आमच्या प्रशालेत गणिताला शिक्षक नाही. मोर्चा काढायचा विचार आहे.

मोर्च्याआधी संचमान्यतेची, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर आहेत त्या कागदाची, प्रत मागा. शिक्षकांची पदं पटावर ठरतात, ३० सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते आणि आता आधार वैध असलेलीच मुलं हिशेबात येतात. इथेच गावाला कल्पना नसलेली गोष्ट घडते. रजिस्टरमध्ये 'गणेश', आधारवर 'गणेशराव', कुठे मुलाच्या जागी मुलगी अशी नोंद, कुठे तारीख वेगळी. नावं जुळली नाहीत की ते आधार 'अवैध' दिसतं. वर्गात बसलेलं मूल कागदावर नसतं. अशी पंधरा-वीस मुलं असली की एखादं पद जाऊ शकतं.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच शाळेकडून अवैध आधारांची यादी घ्या आणि गावनिहाय वाटून घ्या. आधार केंद्र पंचायत समितीत किंवा पोस्टात असतं. एकेका पालकाला पाठवण्यापेक्षा आधार संच एक दिवस शाळेतच बोलवण्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या. जन्मदाखले आदल्या दिवशी गोळा करून ठेवा, नाहीतर निम्मी मुलं रिकाम्या हाती परततात.

पद मंजूर असून रिकामं असेल तर मागणी वेगळी. भरती पवित्र पोर्टलमार्फत होते. जिल्हा परिषदेने ते रिक्त पद त्यात कळवलं आहे का, हे शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. हा मुद्दा कायद्याच्या अनुसूचीचा हवाला देऊन मांडा. मोर्च्याच्या निवेदनातही हेच आकडे घाला: मंजूर किती, कार्यरत किती, पट किती, वैध आधार किती. 'शिक्षक द्या' एवढ्याच निवेदनाला 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच उत्तर येतं.

प्रश्न : सरकारी शाळा असून दरवर्षी वर्गणी मागतात. अनुदान येत नाही का?

येतं, पण किती येतं ते पाहा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. १०१ ते २५० मुलांना वर्षाला ५० हजार, २५१ ते १००० मुलांना ७५ हजार आणि त्याहून मोठ्या शाळेला एक लाख रुपये. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. सहाशे मुलांच्या शाळेला ७५ हजार म्हणजे एका मुलामागे वर्षाला १२५ रुपये. त्यात वीजबिल, खडू, प्रयोगशाळेचं सामान, स्वच्छतागृहाची दुरुस्ती. म्हणजे शाळा खोटं बोलत नाही. पण वर्गणी ऐच्छिकच असली पाहिजे. आठवीपर्यंतच्या मुलाकडून सक्तीने काही घेता येत नाही आणि दाखला अडवून तर मुळीच नाही. पैसे दिले तर पावती घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कॅशबुक मागा. समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असायला हव्यात. तुमच्या गावात त्या महिला सदस्य खरोखर बैठकीला येतात, की सह्या घरी नेऊन घेतल्या जातात, हेही एकदा पाहा.

प्रश्न : आठवीपर्यंत खिचडी मिळते, नववीच्या मुलांना नाही. आमच्याकडची नववी-दहावीची मुलं सकाळी सातला घर सोडतात. गावाने काही करता येईल का?

करता येईल, आणि करायलाच हवं. पोषण आहार योजना आठवीपर्यंतची आहे. नववीचं मूल दारातून वास घेत जातं आणि डब्यात कोरडी भाकरी असली तर पुष्कळदा डबा उघडतही नाही.

पण एक चूक टाळा. आठवीपर्यंतच्या तांदळातून नववीला वाढायचं नाही. सहावी ते आठवीच्या एका मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल धरलेलं आहे, त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. त्यात वाटेकरी आले की लहानांच्या ताटात कमी पडतं, साठा रजिस्टरचा मेळ बसत नाही आणि चौकशी स्वयंपाकी ताईंवर येते.

गावाने वेगळा शिधा द्यावा. नववी-दहावीची २०० मुलं असतील तर त्याच मापाने एका दिवसाला ३० किलो तांदूळ, ६ किलो डाळ, १५ किलो भाजी आणि दीड किलो तेल लागेल. आठवड्यातून दोन दिवसांनी सुरुवात करा. रोजचं जाहीर करून महिन्यात बंद पडण्यापेक्षा दोन दिवस वर्षभर चाललेले बरे. समितीचा ठराव करा, शिध्याची स्वतंत्र वही ठेवा, दात्याच्या नावापुढे वजन लिहा. स्वयंपाकी ताईंना या जादा कामाचं मानधन गावाने द्यायचं, ते गृहीत धरू नका. तीस किलो एकाच पातेल्यात रटरटवू नका, तळ लागतो आणि वरचा तांदूळ अर्धकच्चा राहतो. दोन पातेली करा, डाळ आधी भिजवा, पालेभाजी उतरवताना घाला. वाढण्याच्या अर्धा तास आधी एका शिक्षकाने आणि एका पालकाने खाऊन चव रजिस्टरमध्ये सही करायची, हा नियम या शिध्यालाही लावा. वाढदिवस, पुण्यतिथी, सप्त्याची पंगत यांतलं अन्न शाळेत आणायचं तर ते ताजं आणि त्याच दिवशी शिजवलेलंच असावं. रात्रीचं उरलेलं वरण दुपारपर्यंत आंबतं.

प्रश्न : शाळेच्या फाटकासमोरच पानटपरी आहे.

शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या हद्दीपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. टेपने मोजा, फोटो काढा, मुख्याध्यापकांच्या पत्रासह पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. ही बंदी घालणाऱ्या तंबाखू नियंत्रण कायद्यातला दंड २०० रुपयांपर्यंतच आहे. मात्र मुलाला तंबाखू देणं हा बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७७खाली सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, तो उल्लेख अर्जात करा. टपरीवाला गावातलाच असतो. आधी त्याला जागा बदलायला सांगा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

प्रश्न : एसटीची वेळ शाळेशी जुळत नाही. मुली पाच किलोमीटर चालत येतात.

बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश दरात. जून २०२५पासून पास शाळेतच देण्याची सोयही महामंडळाने सुरू केली आहे, मुख्याध्यापकांनी यादी आगारात द्यायची. वेळेसाठी आगारप्रमुखांना नुसतं निवेदन देऊ नका. गावनिहाय तक्ता द्या: थांबा, मुली किती, मुलं किती, शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ, शनिवारची वेगळी वेळ. शनिवारची वेळ हमखास राहून जाते आणि मुली तीन तास थांब्यावर बसतात. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जातो. पोरगा आठवीत, पोरगी नववीत. दरवर्षी त्यांना सोबत न्यावं लागतं. शाळा सुटते.

दोघांसाठी दोन वेगळ्या वाटा आहेत. मुलगा चौदाच्या आत आहे. त्याच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी करा. यात मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं आणि जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. प्रस्ताव शाळेतून जातो, स्थलांतर करणाऱ्या पालकांची यादी लागते आणि ती यादी टोळी निघायच्या आधी तयार असावी लागते. न्यावंच लागलं तर निघताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. कारखान्याजवळच्या शाळेने त्यावर मुलाला बसवून घ्यायचं असतं. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

मुलगी नववीत, म्हणजे तिचं काम जास्त नाजूक आहे. नववीत अशी निम्म्या वर्षाची गैरहजेरी पडली की दहावी गाठणं अवघड होतं, आणि दहावीला बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी समाजकल्याण विभागाची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. आपल्या तालुक्यात मुलींचं वसतिगृह सुरू आहे का, जागा किती आहेत, हे शाळेतून किंवा समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून जूनमध्येच विचारा. अर्जाला तुमचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र लागतं. ते ग्रामसेवकाकडून मिळतं, त्यासाठी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

मुकादमाकडून उचल बहुधा पावसाळ्यातच घेतली जाते. ती घेतानाच मुलीच्या राहण्याचं ठरवून टाका. दसऱ्यानंतर टोळी निघायच्या गडबडीत वसतिगृहाच्या जागा भरलेल्या असतात, मुख्याध्यापक सहामाहीच्या पेपरांत असतात, आणि तिला पाचटीच्या कोपीवर (झोपडीवर) धाकट्या भावंडांना सांभाळायला न्यायचं, हे कोणी न ठरवताच ठरून जातं.